आधी पैसे भरा, मग अपील करा

कामगाराला ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी संपल्यावर मालकाने द्यायची रक्कम, देण्याचा आदेश झाला आणि त्याविरुद्ध अपिलाला सरकारी मालकीच्या कंपनीचा वकील उभा राहिला की तेच पालुपद: "कंपनी सरकारची आहे, पैसे कुठं बुडणार आहेत? मग आधी भरायची सक्ती कशाला?" ऐकून डोकं सणकतं!

अहो, पैसे बुडण्याचा प्रश्नच नाही. ते कधी हातात पडणार, हा प्रश्न आहे. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याचं कलम ७(७) स्वच्छ सांगत होतं की मालकाने रक्कम जमा केल्याशिवाय त्याचं अपील दाखलच करून घ्यायचं नाही. आता त्या कायद्याच्या जागी आलेल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनंही ती अट ठेवली आहे. सरकारी कंपनीला त्यात वेगळी सवलत नाही. तरी दर वेळी नवा अर्ज, "हेड ऑफिसची मंजुरी यायची आहे", पुढची तारीख.

सातपूरला आमच्या शेजारी एक काका राहतात. आदेश त्यांच्या बाजूने लागलाय. कागद घड्यांवर फाटत आला म्हणून काकूंनी त्याला मागून चिकटपट्टी लावली आहे. गुडघ्याचं ऑपरेशन त्याच पैशांवर अडलंय. कंपनीला मात्र घाई कसली? वकिलाची फी, साहेबांचा प्रवास, सगळं कंपनीच्या तिजोरीतून, म्हणजे शेवटी आपल्याच खिशातून.

खासगी कारखानदाराला जो नियम, तोच यांना लावा. रक्कम भरल्याची पावती नसेल तर अपिलाचा कागद खिडकीवरूनच परत करा.