जर्नलात चिकटवलेला कांदा

परवा नववीची प्रॅक्टिकलची जर्नलं तपासत होते. कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी. अकरा जर्नलांत एकच आकृती, नेटवरून प्रिंट काढून डिंकानं चिकटवलेली! फार वाईट वाटलं. एक पालक म्हणाले, "टीचर, चित्रं काढत बसायला आता वेळ कुणाला आहे?"

त्यांना मेंदूच्या पेशींची चित्रं काढणाऱ्या सांतियागो रामोन इ काहाल या शास्त्रज्ञाविषयी सांगितलं, ते इथंही लिहिते.

१८५२ साली स्पेनमध्ये जन्मलेल्या या मुलाला चित्रकार व्हायचं होतं. डॉक्टर वडिलांना ते खपेना. त्यांनी त्याला न्हाव्याकडे, जोडे शिवणाऱ्याकडे कामाला लावलं. शेवटी सिमित्रीतली, म्हणजे दफनभूमीतली, हाडं आणून त्याच्यापुढे ठेवली. त्या हाडांची चित्रं काढता काढता मुलगा शरीरशास्त्रात रमला.

पेशीच्या धड्यात ज्याचं नाव येतं, त्या इटालियन शास्त्रज्ञ गॉल्जीनं १८७३ मध्ये मेंदूचे काप रंगवायची एक रीत शोधली होती. पोटॅशियम डायक्रोमेट आणि सिल्व्हर नायट्रेट. यात मोजक्याच पेशी काळ्या होतात, म्हणून त्या गचपणातून एखादी पेशी फांद्यामुळांसकट सुटी दिसते. गॉल्जीला त्यातून एकसलग जाळं दिसलं. काहालनं तीच रीत घेतली, पक्ष्यांच्या कोवळ्या मेंदूचे काप केले आणि एकेक धागा टोकापर्यंत कागदावर उतरवला. धागा दुसऱ्या पेशीला जाऊन भिडतो, पण तिच्यात मिसळत नाही. प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे, हे त्यानं १८८८ मध्ये छापलं, तेही स्वतःच्या पैशानं काढलेल्या नियतकालिकात.

१९०६ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं, आणि त्या व्यासपीठावरूनही गॉल्जीनं जाळ्याचीच बाजू मांडली. भिडलेल्या वाटणाऱ्या दोन पेशींमध्येही एक बारीकशी फट असते, ती प्रत्यक्ष दिसली १९५० च्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून. काहाल १९३४ मध्येच गेला होता.

रंग तोच होता. फरक पडला तो रेघ न् रेघ काढणाऱ्या डोळ्यांमुळे, असं माझं ठाम मत आहे. म्हणूनच जर्नलातली आकृती मुलांनी हातानंच काढायला हवी. ती बेढब आली तरी चालेल. त्या आकृतीचे गुण वाढवायला हवेत, कमी नव्हे.

त्या अकरा जणांना मी पुन्हा सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. पंधरा-वीस मिनिटं कुरकुर चालली. मग डिचोलीहून येणारी एक मुलगी डोळा न काढताच म्हणाली, "टीचर, केंद्रक मदीं ना, कुशीक आसा!"

तिनं पेन्सिलीचा मधला ठिपका खोडला आणि भिंतीलगत नवा काढला.