हरित जहाजाचं बिल, बागायतदाराची पट्टी

आज सांगलीत निर्यातीच्या एका बैठकीला गेलो होतो. एका साहेबांनी पडद्यावर हिरवंगार जहाज दाखवलं. म्हणाले, शाश्वत सागरी वाहतूक सगळ्यांच्या भागीदारीतून होते, नफाही सगळ्यांचाच. मागच्या रांगेत तासगावचे बागायतदार गप्प बसलेले. कसली भागीदारी? भाड्याचा हिशेब आम्हाला कधी कुणी दाखवलाय?

२०२४ चा हंगाम आठवा. तांबड्या समुद्रात हल्ले होत होते, जहाजं सुएझ कालवा सोडून आफ्रिकेच्या टोकाचा, केप ऑफ गुड होपचा वळसा घालत होती. आमची द्राक्षं त्यातल्याच एका जहाजावर रीफरमध्ये, म्हणजे थंड कंटेनरमध्ये, न्हावा शेवाहून रॉटरडॅमला. दादा रोज रात्री मोबाईलवर जहाज कुठं आलं ते बघायचा आणि आबा विचारायचे, "अजून आफ्रिकाच का?" माल पोचला तेव्हा मणी बरे होते, घडाच्या काड्या सुकलेल्या. दर पडला. पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदात, वाढीव भाडं कापलेलं, वर कार्बनचा अधिभार वेगळा.

त्याच वर्षीच्या जानेवारीपासून युरोपियन युनियननं जहाजांच्या धुराचे पैसे लावलेत. बाहेरून युरोपात येणाऱ्या फेरीचा निम्मा धूर धरतात. २०२४ ला त्यातल्या ४० टक्क्यांचे पैसे, २०२५ ला ७०, २०२६ पासून सगळ्याचे. वळसा लांबला की धूर वाढला, धूर वाढला की अधिभार. जहाज कंपनीनं तो निर्यातदारावर ढकलला, निर्यातदारानं दादावर. दादानं कुणावर ढकलायचा?

धूर कमी व्हायलाच पाहिजे, अवकाळीत फुलोऱ्यातली बाग जाते ती आमचीच. निर्यातदारही त्या वर्षी पोळला, मान्य. पण जहाज हळू चालवलं की जहाज कंपनीचं तेल वाचतं आणि वाढलेले दिवस आमच्या काड्या सोसतात. घरात आबांचा तोच प्रश्न, "अजून आफ्रिकाच का?" आणि माझा हा. त्या वाचलेल्या तेलातलं आमच्या वाट्याला काय आलं?

असो. चिडून भाडं उतरत नाही. १९९१ मध्ये द्राक्ष निर्यातीसाठी महाग्रेप्स उभं राहिलं ते बागायतदारांच्या सहकारी संस्था एकत्र आल्या म्हणूनच ना? एकट्या दादाशी जहाज कंपनी बोलणार नाही. चार गावांनी हंगामाचे कंटेनर आधीच एकत्र बांधून दिले तर बोलेल. तिला भरलेल्या जागेची खात्री, आपल्याला बांधलेला दर, आणि रीफर बंदरात ताटकळत वीज खात नाही.

सावळज, मणेराजुरी, पलूसकरांनो, फळछाटणीच्या आधी बसूया. अधिभाराची मूळ पावती बागायतदाराला दाखवायची आणि उशिराचं नुकसान सगळ्यांनी वाटून घ्यायचं, एवढं करारात लिहून घेऊ. निर्यातदार मित्रांनो, तुम्हीही या. दादा आणि मी दोघंही येतोय, २०२४ ची पट्टी घेऊन.