सुसानचा बूट अजून तिच्या आजोबांकडेच आहे

मे महिन्याच्या सुट्टीपासून मी आणि माझी भाची मिळून डॉक्टर हू बघतोय. ती चौदा वर्षांची, २००५ च्या आधीचं तिला काही म्हणजे काहीच माहीत नाही आणि मी मुद्दाम आधी काही सांगत पण नाही. मला बघायचं होतं की ज्या सीनला मी इतकी वर्षं दरवेळी रडते ते सीन काहीच माहीत नसलेल्या पोरीपर्यंत पोचतात का. त्यातून माझं एक मत इतकं पक्कं झालंय की आज लिहूनच टाकते. पोस्ट लांब होणार आहे, सवडीने वाचा.

ज्यांना शो माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २३ नोव्हेंबर १९६३ ला बीबीसीवर सुरू झालेली मालिका. पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन, जन्म लखनौचा, तेव्हा वय फक्त २४. निळ्या पोलीस बॉक्समधून काळात फिरणारा एक परग्रहावरचा माणूस, डॉक्टर, मरायला टेकला की चेहरा-शरीर सगळं बदलून परत उभा राहतो, म्हणून नट बदलत गेले आणि शो २६ वर्षं चालला. १९८९ ला बंद पडला, १९९६ मधे एक टीव्ही सिनेमा येऊन गेला, बास. मग २००५ मधे रसेल टी डेव्हिस नावाच्या वेल्श लेखकाने तो परत उभा केला. हा स्वतः लहानपणापासून या शोचा वेडा.

आता विचार करा, शोरनर, म्हणजे मालिकेचा मुख्य लेखक-निर्माता म्हणून तुमच्या हातात २६ वर्षांचा पसारा आलाय आणि समोर बसलेल्या निम्म्या पोरांचा जन्मच शो बंद पडल्यानंतरचा आहे. काय कराल?

डेव्हिसने काय केलं बघा. पहिला एपिसोड 'रोझ', २६ मार्च २००५. दुकानातले प्लास्टिकचे पुतळे जिवंत होतात आणि शोकेसच्या काचा फोडून रस्त्यावर येतात. जुन्या लोकांनी लगेच ओळखलं, हे १९७० चे ऑटॉन. तेव्हा बजेट नव्हतं म्हणून काच फुटताना दाखवलीच नव्हती, नुसता खळ्ळकन आवाज ऐकवला होता. पस्तीस वर्षांनी डेव्हिसने ती काच खरोखर फोडली. पण 'ऑटॉन' हा शब्द अख्ख्या एपिसोडमधे कुणाच्याही तोंडी नाही, फक्त शेवटच्या नामावलीत आहे. ज्याला माहीत आहे त्याच्या अंगावर काटा येतो, ज्याला माहीत नाही त्याचं काहीच अडत नाही. भाचीचं काही अडलं नाही, ती उशी पोटाशी घट्ट धरून बसली होती.

आणि डॉक्टरचा ग्रह, त्याचे लोक, जुन्या शोचा तो सगळा डोलारा त्याने एका युद्धात जाळून टाकला, तेही पडद्यामागे. हा एकटा उरला. म्हणजे नव्या माणसाला वंशावळ पाठ करायला नको, आणि जुन्या माणसाला आतून कळतंय की केवढं काय गेलंय. त्याच सीझनमधे रॉबर्ट शिअरमनने लिहिलेला 'डॅलेक' आहे. डॅलेक म्हणजे धातूच्या कवचातला डॉक्टरचा जुना शत्रू. त्याच्या त्या संडासच्या पंपासारख्या हाताला लोक वर्षानुवर्षं हसायचे, त्याच हाताने तो एका माणसाचा जीव घेतो. त्यानंतर कुणाची हसायची टाप नाही.

पण मला खरं बोलायचंय ते 'स्कूल रियुनियन' बद्दल. २९ एप्रिल २००६, लेखक टोबी व्हिटहाउस. सारा जेन स्मिथ ही सत्तरच्या दशकातली डॉक्टरची सोबतीण, एलिझाबेथ स्लेडन. १९७६ मधे डॉक्टरला स्वतःच्या ग्रहावर बोलावणं येतं, हिला तिथे नेता येत नाही, म्हणून तो तिला पृथ्वीवर सोडून जातो आणि परत येत नाही. तीस वर्षांनी ती एका शाळेत बातमीच्या शोधात येते, स्टाफरूममधे डेव्हिड टेनंटचा डॉक्टर मास्तर बनून उभा आहे. ती त्याला ओळखत नाही, चेहराच वेगळा ना. तो तिला ओळखतो. आणि तिने नाव सांगितल्यावर तो जो बघत राहतो ना तिच्याकडे! मग रात्री ती शाळेत एकटी फिरताना एक दार उघडते, आत अंधारात ती निळी पेटी. ती पाठमोरीच मागे सरकत बाहेर येते, वळते, तर तो मागे उभा.

भाचीला सारा जेन कोण हे शून्य माहीत. त्या क्षणी तिने हळू आवाजात विचारलं, "मावशी, हा हिला विसरला होता का गं?"

मी काही बोलूच शकले नाही. पोरीला एका मिनिटात सगळं कळलं होतं. कारण लेखकाने तिला जुन्या शोची माहिती दिलीच नव्हती, एका बाईने तीस वर्षं वाट बघितली एवढंच दाखवलं होतं, आणि वाट बघणं काय असतं हे चौदाव्या वर्षीही माहीत असतं. शिवाय तो सगळा भूतकाळ आत्ताच्या गोष्टीत रुततो, कारण डॉक्टरची आत्ताची सोबतीण रोझ समोर उभी आहे आणि तिला पहिल्यांदा लक्षात येतंय की एक दिवस मलाही हा असाच कुठेतरी उतरवून जाणार. शेवटी सारा जेन त्याच्यासोबत जायला नाही म्हणते आणि एकच मागते, या वेळी मला नीट निरोप दे. निरोप! तीस वर्षांपूर्वी जो राहून गेला तो. पुढे त्यातूनच स्लेडनची स्वतःची मालिका निघाली, २०११ मधे ती गेली तोपर्यंत लहान मुलांच्या एका अख्ख्या नव्या पिढीची ती सारा जेन झाली होती.

मधल्या काळातही असे क्षण आले. नंतरचा शोरनर ख्रिस चिबनॉल, त्याच्या काळावर माझे खूप आक्षेप आहेत, पण ऑक्टोबर २०२२ च्या त्याच्या शेवटच्या एपिसोडमधे डॉक्टरच्या जुन्या सोबत्यांचं एक मंडळ जमतं, खुर्च्या गोल मांडून, आणि त्यात विल्यम रसेल बसलेले. १९६३ मधल्या अगदी पहिल्या एपिसोडचा इयान. वय ९७. मधे ५७ वर्षं गेली, गिनीजमधे नोंद झाली त्याची. मोजून काही सेकंदांचा सीन, पण तिथे डॉक्टरचा उल्लेख 'ती' असा होतो (तेव्हा डॉक्टरचं रूप बाईचं होतं) आणि ते चमकून विचारतात, 'ती'? बास, एवढंच. २०२४ मधे ते गेले.

आणि २०२३ मधे डेव्हिस परत आला तेव्हा निम्मं फॅनडम हात जोडून मागत होतं की चिबनॉलने केलेलं सगळं पुसून टाक. त्याने पुसलं नाही. उलट 'वाइल्ड ब्लू यॉन्डर' मधे डॉक्टर तेच सगळं ओझं मनात घेऊन फिरताना दिसतो, चिबनॉलच्या गोष्टीत नष्ट झालेलं अर्धं विश्व, आपण मुळात कुठले हेच माहीत नसणं. आपल्याआधीच्या माणसाचं काम आपल्याला पटलेलं असो नसो, ते घडलंय म्हणून पुढे न्यायचं, याला मोठं मन लागतं.

म्हणूनच पुढचं लिहिताना त्रास होतोय, कारण माणूस तोच आहे.

२०२४ च्या सीझनच्या शेवटी सुतेख परत आला. १९७५ मधला खलनायक, आवाजही त्याच नटाचा, गेब्रियल वुल्फ, नव्वदी ओलांडलेले, आणि तो आवाज अजूनही अंगावर येतो, त्याबद्दल दुमतच नाही. पण भाचीने पॉज करून विचारलं, हा कोण? मला दहा मिनिटं समजावून सांगावं लागलं. सांगून झाल्यावर ती "अच्छा" म्हणाली आणि तिने प्ले दाबलं. हा "अच्छा" आणि तो "विसरला होता का गं", यातलं अंतर बघा.

२०२५ ला तर ओमेगा. १९७२-७३ च्या 'द थ्री डॉक्टर्स' मधला ओमेगा म्हणजे ज्याच्या जिवावर टाइम लॉर्ड्सना, म्हणजे डॉक्टरच्याच लोकांना, काळात फिरायची ताकद मिळाली आणि ज्याला तिकडेच अडकलेला सोडून सगळे पुढे निघून गेले असा माणूस. त्यात तो मुखवटा काढतो आणि आत काहीच नसतं. डोकंच नाही! शरीर कधीच झिजून गेलंय, नुसत्या इच्छाशक्तीवर तो टिकून आहे. पन्नास वर्षांपूर्वीच्या तुटपुंज्या पैशात केलेला तो सीन बघून आजही पोटात खड्डा पडतो. त्याचं २०२५ मधे काय केलं, तर कम्प्युटरवर बनवलेला अवाढव्य हाडांचा राक्षस, येतो, 'राणी' नावाच्या खलनायिकेला गिळतो, डॉक्टर त्याला बंदुकीसारख्या यंत्राने परत ढकलतो, संपलं. नाव तेवढं ओमेगाचं. ज्या माणसाने नाव न घेता ऑटॉन आणले होते त्याने नुसतं नाव आणलं. आणि शेवटी डॉक्टरचा चेहरा बदलून रोझचं काम केलेली बिली पायपर दिसते, म्हणजे परत रोझचाच चेहरा.

पण हे सगळं मी पचवलं असतं. सुसान नाही पचत.

सुसान डॉक्टरची नात. १९६४ च्या डिसेंबरमधे दाखवलेल्या भागात, डॅलेकच्या हल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या लंडनमधे तिला एक मुलगा आवडतो पण आजोबांना सोडून ती राहणार नाही हे आजोबांना पक्कं ठाऊक. तिच्या बुटाला भोक पडलंय, तो दुरुस्त करतो म्हणून ते घेऊन आत जातात. आणि आतून दार लावून घेतात. ती बाहेर, एका पायात बूट नाही, आणि आजोबा आतून स्पीकरवर बोलतायत, एक दिवस मी परत येईन असं सांगतायत. पेटी नाहीशी होते. तिच्या हातातली किल्ली मातीत पडते.

१९८३ च्या वर्धापनदिनाच्या खास भागात ती एकदा दिसली, पण तिच्याकडे परत जाणं काही झालं नाही. आणि मे २०२५ मधे, साठ वर्षांनी, कॅरोल अ‍ॅन फोर्ड खरोखर पडद्यावर आली, ८४ वर्षांची, डॉक्टरला ती डोळ्यांसमोर दिसते, शोध मला म्हणते. मी सोफ्यावरून उठून उभी राहिले होते. पुढच्या एपिसोडमधे पुन्हा एक झलक. आणि शेवटच्या एपिसोडमधे काहीच नाही, कुणी तिचं पुढे काही केलंच नाही. मला माहितीये शो अडचणीत होता, डिस्नीचा करार त्याच वर्षी संपला. तरी इतक्या वयाच्या बाईला बोलवायचं, हाक मारायला लावायची आणि कुणी ओ द्यायची नाही, हे मला अजिबात पटलेलं नाही.

ख्रिसमस २०२६ चा खास एपिसोड डेव्हिसच लिहिणार असं बीबीसीने जाहीर केलंय. तेव्हा फोर्ड ८६ च्या असतील. मला ओमेगा नको, हाडांचे राक्षस नकोत, कुठलंही विश्व वाचवायला नको. पाच मिनिटं द्या. एक दार वाजू दे, तिने उघडू दे, आणि समोर डॉक्टर कुठल्याही चेहऱ्याचा असू दे, फक्त त्याच्या हातात तो दुरुस्त केलेला बूट असू दे.