पोटातली ‘साधी’ गाठ आणि सुईचा सल्ला

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक मेसेज आला. दोन दिवसांत तोच मला माहेरच्या ग्रुपवर आणि भजनी मंडळाच्या ग्रुपवरही दिसला. थोडक्यात मजकूर असा: ‘पोटात साधी गाठ निघाली तर ऑपरेशन करू नका. साधी म्हणजे कॅन्सर नाही, म्हणजे धोका नाही. पाण्याची गाठ असेल तर सुईने पाणी काढलं की काम झालं. पोट फाडणं हे हल्लीच्या मोठ्या हॉस्पिटलांचं पैसे काढायचं फॅड आहे. चाकू लागला की गाठ चिडते आणि तिचा कॅन्सर होतो. त्यापेक्षा २१ दिवस काढा घ्या, गाठ विरघळते.’

मी पुण्यात २७ वर्षं सर्जरीच्या वॉर्डात सिस्टर होते. हा मेसेज वाचून मला झोप लागली नाही, कारण त्यावर विश्वास ठेवून उशिरा आलेली माणसं मी पाहिली आहेत.

‘साधी म्हणजे धोका नाही’ इथूनच चूक सुरू होते. गाठ साधी आहे म्हणजे तिच्या पेशी शेजारच्या अवयवात घुसत नाहीत आणि दूर जाऊन रुजत नाहीत, एवढंच. ती कुठे बसली आहे आणि कशावर दाबते आहे, हे त्या शब्दातून कळत नाही. आमच्याकडे मंडईत भाजी विकणारी एक बाई आली होती. वर्षभर पोट वाढत होतं. गिऱ्हाइकं ‘कितवा महिना?’ विचारायची आणि ती लाजेने विषय टाळायची. एका रात्री ओकाऱ्या थांबेनात, पोट दगडासारखं झालं. आतड्याला मागच्या भिंतीशी बांधून ठेवणारा जो पडदा असतो, त्यात पाण्याची मोठी गाठ होती आणि तिने आतड्यालाच पीळ घातला होता. तपासणीत गाठ पूर्ण साधी निघाली. तासभर उशीर झाला असता तर आतड्याचा मोठा भाग काळा पडला असता. अशा गाठींत पीळ पडतो, आत रक्तस्राव होतो, पू होतो, कधी गाठ फुटते, कधी आतड्याची वाट बंद होते.

या गाठी दुर्मीळ आहेत, म्हणूनच असले मेसेज खपतात. हॉस्पिटलात भरती होणाऱ्या सुमारे एक लाख प्रौढ रुग्णांमध्ये एखाद्याला आतड्याच्या पडद्यातली अशी गाठ निघते. त्यातलीच एक म्हणजे लिम्फॅन्जिओमा, लसिका म्हणजे शरीरातला पातळ, पाण्यासारखा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांपासून बनलेली. ती बहुतेक लहान मुलांत आणि मानेत किंवा काखेत सापडते. मोठ्या माणसाच्या पोटात ती निघणं म्हणजे फारच विरळा.

आता सुई. मेसेजमधलं सगळ्यांत घातक वाक्य हेच आहे, कारण ते सोपं आणि स्वस्त वाटतं. लिम्फॅन्जिओमाच्या पिशवीला आतून अस्तर असतं आणि पाणी झिरपत राहतं. विहीर उपसली म्हणून झरे आटत नाहीत, तसंच हे. भोरकडचे एक गृहस्थ दोनदा पाणी काढून आमच्याकडे आले होते. दोन्ही वेळा काही महिन्यांत पोट पुन्हा भरलं. सुई टोचल्याने आत रक्त आणि पू होऊन गाठ आजूबाजूला घट्ट चिकटली होती. जे ऑपरेशन सुटसुटीत झालं असतं, त्यात आतड्याचा वीतभर तुकडा काढून टोकं जोडावी लागली. लहान आतडं सुमारे ६ मीटर असतं, तेवढ्याने पचन अडत नाही. पण टाळता आलं असतं. पिशवी अस्तरासकट पूर्ण निघाली तर गाठ परत होण्याची शक्यता फार कमी राहते. म्हणून सर्जन पूर्ण काढायचा आग्रह धरतात.

शिवाय ती पाण्याची गाठ नेमकी कसली, हे आधी कळायला हवं. कुत्रा आणि मेंढी यांच्यातून येणाऱ्या जंतांमुळे हायडॅटिडची गाठ होते. सोनोग्राफीत तीही पाण्याचीच दिसते. तिला विचार न करता सुई लावली तर पाणी पोटात सांडतं, जोरदार अ‍ॅलर्जी येऊन बीपी कोसळतं आणि सांडलेल्या पाण्यातून नव्या गाठी रुजतात. यकृतातल्या काही हायडॅटिडवर सुईचा उपचार होतो हे खरं, पण तो जंतांवरच्या अल्बेंडाझोलच्या गोळ्यांच्या संरक्षणात, तयारीच्या ठिकाणी आणि जाणकार हातांनी.

चाकूने साध्या गाठीचा कॅन्सर होत नाही. काही माणसांचं पोट उघडल्यावर आजार आधीच पसरलेला दिसतो आणि घरच्यांना वाटतं, ऑपरेशनने पसरला. त्यांचं दुःख मला कळतं, पण कारण उलटं आहे. अंडाशयातल्या किंवा अपेंडिक्समधल्या काही चिकट द्रवाच्या गाठी फुटून सांडल्या तर पेशी पोटात पसरतात, हे मात्र खरं. म्हणून तर सर्जन अशी गाठ न फोडता अख्खी काढायला धडपडतात. हा धोका चाकूपेक्षा घाईच्या सुईला जास्त आहे.

‘हल्लीचं फॅड’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते की आतड्याच्या पडद्यातली अशी गाठ पॅरिसचे सर्जन तिलो यांनी १८८० साली ऑपरेशन करून यशस्वीपणे काढली होती. पैशांची भीती मात्र खरी आहे, तिला मी कमी लेखत नाही. पण पुण्यात ससूनचं सरकारी हॉस्पिटल आहे. आणि आपल्या राज्यात धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. खाट मिळाली नाही तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करता येते. मेसेज लिहिणाऱ्याने ही ओळ टाकली असती तर कुणाचं तरी भलं झालं असतं.

काढ्याने अस्तराची पिशवी विरघळत नाही. त्या २१ दिवसांत पीळ पडू शकतो.

प्रत्येक साधी गाठ कापायची असंही माझं म्हणणं नाही. यकृतातला रक्तवाहिन्यांचा हिमँजिओमा, त्रास न देणारी यकृतातली पाण्याची गाठ, यांना बहुतेक वेळा हात लावत नाहीत. डेस्मॉइड नावाची तंतुमय गाठ शेजारी घुसते पण दूर जाऊन रुजत नाही; तिच्यावरही आता बऱ्याचदा आधी नुसती नजर ठेवतात, कारण ती काढल्यावर पुन्हा येऊ शकते. हा निर्णय सीटी किंवा एमआरआय बघून सर्जनने घ्यायचा.

ग्रुपवर मेसेज टाकणाऱ्या काकांना मी काल फोन केला. त्यांच्या बहिणीच्या सोनोग्राफीत १२ सेंटिमीटरची पाण्याची गाठ आली आहे, हे तेव्हा कळलं. घाबरूनच टाकला होता त्यांनी तो. मी त्यांना प्रश्न सांगितले, त्यांनी कागदावर उतरवून घेतले: गाठ कुठल्या अवयवातून निघाली आहे? हायडॅटिडची तपासणी झाली का? दुर्बिणीने अख्खी निघेल का, आणि आतडं काढावं लागलं तर किती? नाही काढली तर कशावर लक्ष ठेवायचं? सोमवारी ते बहिणीला घेऊन सर्जनकडे जाणार आहेत, मीही बरोबर जाते आहे.