मावशी, दुसरी टाकी परत करू नको

कोल्हापुरात शुक्रवार पेठेतल्या मावशीचा परवा फोन आला. "जिन्याखाली गॅसची भरलेली टाकी हाय न्हवं, ती एजन्सीत देऊन येतोस का?" कारण विचारलं तर भिशीच्या ग्रुपवरचा मेसेज. तो बहुतेक तुमच्याकडेही आला असेल. त्याचं म्हणणं असं: टाकीवर गॅसची एक्सपायरी छापलेली असते, ती उलटली की टाकी फुटते. पडून राहिलेल्या गॅसची ताकद जाते. टाकीत प्रोपेन आणि ब्युटेन असे दोन वायू असतात, त्यातला प्रोपेन कमी करून कंपन्या स्वस्त ब्युटेन मिसळतात, म्हणून टाकी लवकर संपते. जगात प्रोपेन उतरलाय, थांबा, दर पडणारच. आणि शेवटी, इंडक्शन घ्या, दुसरी टाकी परत करून डिपॉझिट मोकळं करा.

मावशी ७१ वर्षांची, एकटी राहते. म्हणून हे नीट लिहितोय.

आधी ती तारीख. टाकीच्या वरच्या कड्याला ज्या उभ्या पट्ट्या धरून असतात, त्यांतल्या एकीवर आतल्या बाजूने इंग्रजी अक्षर आणि आकडा असतो. समजा 'बी-२७'. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, असं डीपर्यंत. तर बी-२७ म्हणजे २०२७च्या जूनपर्यंत त्या लोखंडी टाकीची दाबचाचणी व्हायला हवी, त्याशिवाय ती पुन्हा भरायची नाही. तारीख भांड्याची आहे, आतल्या गॅसची नाही. दारात आलेल्या टाकीवर ती उलटलेली दिसली तर टाकी घेऊ नका, हे मात्र खरं.

गॅस शिळा होतो हे तर मुळीच खरं नाही. प्रोपेन, ब्युटेन दाबाखाली द्रव होऊन बंद टाकीत बसलेले असतात. आत हवा नाही, त्यामुळे आंबणं, कुजणं, विटणं काही नाही. पेट्रोल डब्यात भरून ठेवलं तर काही महिन्यांत त्याचा कस उतरतो. लाकूड आषाढात ओलं होतं. गॅसचं तसं नाही. व्हॉल्व्ह चांगला असेल तर पाच वर्षांनी उघडा, ज्योत तीच. गळतीची शंका असेल तर वजन करा: त्याच पट्ट्यांवर रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं, त्यात १४.२ किलो मिळवा. जुनी होते ती रबरी नळी, ती वेळेवर बदलावी.

आता ब्युटेन. एक किलो प्रोपेन आणि एक किलो ब्युटेन जाळून मिळणारी उष्णता जवळपास सारखीच, आणि आपण टाकी घेतो ती किलोवर. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, ब्युटेन शून्याच्या किंचित खाली. बर्फाच्या देशात ब्युटेन टाकीत द्रवच राहील, म्हणून तिथे प्रोपेन लागतो. कोल्हापुरात जानेवारीच्या पहाटेही ब्युटेनची वाफ आरामात होते. उलट ४० अंशांच्या उन्हात प्रोपेनचा दाब ब्युटेनच्या तिपटीहून जास्त असतो. म्हणून आपल्याकडे ब्युटेन जास्त असणं ही फसवणूक नाही. टाकी लवकर संपते असं वाटलं तर ती आणणाऱ्याकडून दारातच वजन करून घ्या, आणि ज्योत पिवळी असेल तर बर्नर साफ करा.

दराचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकला, कारण त्यावर विसंबून माणसं टाकी भरायचीच थांबतात. सौदी अरेबियाची अरामको कंपनी दर महिन्याला प्रोपेन आणि ब्युटेनचे दर जाहीर करते, आपल्याकडचा हिशोब त्यावरून होतो. एप्रिल २०२२ मध्ये प्रोपेन टनाला ९४० डॉलर होता, तेव्हा दिल्लीत घरगुती टाकी ९४९ रुपये ५० पैशांना होती. जुलै २०२३ मध्ये प्रोपेन ४०० डॉलरवर आला, आणि टाकी? १,१०३ रुपये. आपल्या तेल कंपन्यांनी आधी तोटा सोसला होता, त्यासाठी सरकारने २२,००० कोटी दिले होते, वगैरे कारणं आहेत. पण घरगुती दर बाजाराच्या मागे धावत नाही, तो ठरवला जातो. महिन्याच्या १ तारखेला दर बदलतो तो १९ किलोच्या टाकीचा, मिसळवाल्यांच्या. २०२३च्या ऑगस्टअखेर घरगुती टाकी २०० रुपयांनी उतरली, मार्च २०२४ मध्ये आणखी १००ने. एप्रिल २०२५ मध्ये ५० वाढून दिल्लीत ८५३ झाली.

इंडक्शन चांगलं आहे, माझ्या घरी आहे. पण टाकीएवढा स्वयंपाक त्यावर करायला अंदाजे १४५ युनिट लागतात. एप्रिल २०२५च्या त्या ८५३ रुपयांशी बरोबरी व्हायची तर वीज सहा रुपयांच्या आत पडली पाहिजे. महिन्याला १०० युनिटांच्या वर गेलात की ती तशी पडत नाही, बिल काढून बघा.

आणि वीज असेल तरच ना? २०१९च्या ऑगस्टात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३. मी तेव्हा मावशीकडेच अडकलो होतो. वीज गेलेली, नळाला पाणी नाही, शिरोलीजवळ हायवे बुडालेला, म्हणजे नवी टाकी येणार कुठून? खालची लागलेली टाकी दुसऱ्याच दिवशी फुरफुरून विझली. भरलेली आम्ही आदल्या रात्री माडीवर नेऊन नायलॉनच्या दोरीने कठड्याला बांधली होती. पुढचे दिवस गल्लीतल्या चार घरांचं पिठलं-भात आणि प्यायचं पाणी तिच्यावरच उकळलं. मावशी ओलं फडकं टाकीवरून फिरवायची, आणि जिथवर ओल उशिरा सुकायची तिथवर गॅस आहे म्हणून बोट ठेवून दाखवायची.

डिपॉझिटचं म्हणाल तर जुन्या कागदावर लिहिलंय तेवढंच परत मिळतं. पुन्हा घ्यायला गेलात तर जून २०२२ पासून एका टाकीला २,२०० रुपये.

मावशी, टाकी राहू दे. मात्र जिन्याखाली नको, पुरात भरलेली टाकीसुद्धा तरंगत जाते. रविवारी येतो, माडीवर नेऊ. दोरी घेऊन येतो.