भरीत ३८०

थंडी पडली की पुणेकर दोन गोष्टी बाहेर काढतात. कपाटातून स्वेटर आणि घशातून खोकला. यंदा मी घरात तिसरी भर घातली. हवा मोजायची डबी आणली.

डबी साबणाच्या वडीएवढी, पण तोरा ऑडिटरचा. अडीच मायक्रॉनहून बारीक कण हवेत किती आहेत ते ती मोजते. आपल्याकडे चोवीस तासांची सरासरी घनमीटरभर हवेत ६० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. जागतिक आरोग्य संघटना मात्र २०२१ पासून १५ वर अडून बसली आहे. पहिल्याच संध्याकाळी आमच्या हॉलला ९४ पडले.

"चौऱ्याण्णव? छान आहेत की," आई म्हणाली. "तुला दहावीला कधी पडले नाहीत."

दोष बाहेरच्या हवेचाच असणार, असं मी जाहीर केलं. खाली वॉचमनकाका वाळका पाला पेटवून शेकत बसतात. हिवाळ्यात रात्री जमीन पटकन गार होते, तिच्यालगतची हवाही गार होते आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं. मग शेकोटीचा, गाड्यांचा सगळा धूर खालच्या खाली कोंडतो. कुकरच म्हणा, फक्त याला शिट्टी नाही. मी सगळ्या खिडक्या लावून टाकल्या.

डबी कार्बन डायऑक्साइडही मोजते हे मला सकाळी कळलं. बाहेर असतो ४२० पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भागांच्या आसपास. आमच्या बंद बेडरूममध्ये १९०० झाला होता.

"अहो, तुम्ही रात्रभर नुसता श्वासच सोडत असता का?" बायकोने विचारलं. जणू ती स्वतः रात्रभर श्वास रोखून झोपली होती.

खिडकी उघडावी तर धूर आणि डास, लावावी तर आमचेच उच्छ्वास. डासांची कॉइल तर मी त्याच दिवशी हद्दपार केली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींएवढे बारीक कण निघाले होते. म्हणजे मोठ्या मनोनिग्रहाने सिगारेट सोडलेला मी रोज रात्री पलंगाखाली पाकिटंच्या पाकिटं पेटवून झोपत होतो.

पण खरा गुन्हेगार स्वयंपाकघरात निघाला. हिवाळा हा मराठी माणसाचा जाळून खायचा ऋतू. भाकरी आचेवर फुगवायची, वांगं थेट बर्नरवर ठेवायचं, लाडवांसाठी डिंक तळायचा. आठवडाभरात डबी आमच्या घरचं मेनूकार्ड झाली. भाकरी १४०, डिंक २१०, भरीत ३८०. ठेच्याच्या दिवशी सगळं घर शिंकत होतं, शेजारचे दार वाजवून विचारून गेले, आणि डबी १२० वर शांत! तिला कण मोजता येतात, तिखट कळत नाही. अशा यंत्रावर किती विश्वास ठेवायचा?

चिमणी आहे आमच्याकडे. पण ती लावली की बायकोला मालिका ऐकू येत नाही आणि आईला लाइट बिल दिसू लागतं. तिची जाळी काढायला गेलो तर ती तेलाने अशी चिकटलेली, की निघाला तो माझा खांदा.

मग बायको नर्सरीतून सहा कुंड्या घेऊन आली. झाडं हवा शुद्ध करतात म्हणे, नासानेच सांगितलंय. मी खोलात गेलो. नासाचा तो १९८९चा प्रयोग बंद पेटीतला. घरात खिडक्या-दारांतून जेवढी हवा बदलते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला किमान दहा झाडं लागतील, असा हिशेब २०१९ साली कुणी तरी मांडलाय. आमचा हॉल चौदा चौरस मीटर. एकशेचाळीस कुंड्या हॉलमध्ये, आणि आम्ही बाल्कनीत.

या सगळ्यात दिवसाचा सर्वात कमी आकडा ३८ होता, आणि तो रोज दुपारी बाराच्या पुढे यायचा. उन्हाने जमीन तापून वरचं झाकण मोडलेलं असतं त्या वेळी. आई नेमकी तेव्हाच सगळ्या खिडक्या सताड उघडून गोधड्यांना ऊन दाखवते. गेली चाळीस वर्षं. मी आकडा वहीत टिपून ठेवला. आईला सांगितलं नाही.

परवा दिवेलागणीला तिने धूप घातला. डबी ६४० वर जाऊन लालेलाल झाली आणि ओरडायला लागली.

"दृष्ट लागली रे हिला. येणारा-जाणारा हिच्याकडेच बघत असतो," असं म्हणत आईने मीठ, मोहरी, चार लाल मिरच्या डबीवरून ओवाळल्या आणि तव्यात टाकल्या. घरभर ठसका उठला. मी खोकत खोकत तिला तिचाच नियम ऐकवला, "आई, ठसका लागला म्हणजे दृष्ट नव्हतीच!"

"नव्हती कशी?" तिने डबी माझ्या नाकासमोर धरली. आकडा ९९९ वर जाऊन थांबला होता. "बघ, केवढी उतरली!"