तोंडचं पाणी

बीटबॉक्सिंग, म्हणजे तोंडानेच ड्रमचे आवाज काढून ताल धरणं, शिकायला काही लागत नाही, असं सगळे सांगतात. वाद्य नको, वीज नको, जागा नको. तोंड असलं की झालं. तोंड माझ्याकडे होतंच, आणि ते गरजेपेक्षा जास्त चालतं असं घरच्यांचं जुनं मत आहे.

सुरुवात तीन आवाजांनी होते. किक ड्रमचा, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा ब, हाय-हॅटचा, म्हणजे झांजांच्या जोडीचा ट्स आणि स्नेअरचा, म्हणजे करकरीत वाजणाऱ्या छोट्या ड्रमचा क. सुटे सुटे तिघेही गुणी. त्यातल्या त्यात ब जरा नखरेल. त्यात घशाचा आवाज मिसळायचा नाही, छातीतली हवाही वापरायची नाही; ओठ घट्ट मिटून तोंडात कोंडलेली तेवढीच हवा फटकन सोडायची. जमला तर 'धप्' असा ठोका पडतो. नाही जमला तर नुसती थुंकी उडते. आरशासमोर सराव करा, असं सांगणाऱ्यांनी आरसा कोणी पुसायचा ते सांगितलेलं नाही.

खरं रामायण पुढे, जोडणीत. ब-ट्स-क-ट्स. इंग्रजीत यासाठी 'बूट्स अँड कॅट्स' घोकायला लावतात. मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला साठावर असेपर्यंत सगळे शहाण्यासारखे रांगेत येतात. नव्वदावर नेला की ट्स आणि क एकमेकांच्या पायात पाय घालतात. दोष त्यांचा नाही. जिभेचं टोक दातांमागून सुटतं न सुटतं तोच तिच्या मागच्या भागाने टाळू गाठायचा असतो. माझी जीभ थापा मारतानाही कधी अडखळली नव्हती, ती इथे चक्क बोबडी वळून बसली.

बरं, या सगळ्यात श्वास कधी घ्यायचा? तर, क काढताना. हा क श्वास आत ओढत काढतात, म्हणजे ठोकाही पडतो आणि छातीही भरते. युक्ती मोठी देखणी आहे. माझ्या बाबतीत हवेबरोबर लाळही आत जाते आणि स्नेअरच्या जागी ठसका लागतो. लागतो मात्र अगदी तालात, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. अर्ध्या तासाने हीच लाळ औषधालाही उरत नाही, तेव्हा ट्स नुसता फुसफुसतो.

रॅझेल नावाचा अमेरिकन कलाकार ठोका धरता धरता गातोसुद्धा. त्याच्याबद्दल मी विचारच करत नाही, त्रास होतो. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी एका बीटबॉक्सरला एमआरआय यंत्रात झोपवून त्याचं तोंड आतून पाहिलं. त्याला येत होत्या इंग्रजी आणि स्पॅनिश. पण तोंडातून निघत होते दूरदूरच्या भाषांमधले स्फोट आणि टिचक्या. मला कौतुक वेगळ्याच गोष्टीचं वाटलं. त्या यंत्राच्या खडखडाटात बिचाऱ्याने ताल धरला कसा?

स्नेअरचा आणखी एक प्रकार आहे, 'प्फ'. संसारी माणसाने हा शिकताना जपावं. परवा मी खिडकीशी ब-ट्स-प्फ-ट्स जुळवत होतो. लय नुकतीच बसली होती. मागून बायको म्हणाली, "मी पण गाणं शिकायला लागू का रे?"

"प्फ."

"अगं, स्नेअर होता तो," मी घाईघाईने म्हणालो.

त्यावर तिने जिभेचं टोक दातांमागे लावून एक 'च्यक्' काढला. स्वच्छ, कोरडा, एका फटक्यात. तसला मला अजून जमत नाही.